दीक्षेचं नाव, आजोबांचं नाव

वाचकाचा प्रश्न

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका छत्तीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. ते हिंजवडीत नोकरी करतात. घरी आईवडील, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. सहा वर्षांच्या साधनेनंतर त्यांनी चैतन्य महाप्रभूंना मानणाऱ्या एका वैष्णव परंपरेत दीक्षा घेतली. रोज सोळा माळा जप, मांसाहार आणि सगळी व्यसनं वर्ज्य (त्यात चहाही आला), असा संकल्प त्यांनी केला. गुरूंनी ‘दास’ने संपणारं नवं नाव दिलं. तेव्हापासून घरात कुणी जुन्या नावानं हाक मारली, तर ते ओ देत नाहीत.

वडिलांनी त्यांचं नाव स्वतःच्या वडिलांवरून ठेवलं होतं. “माझ्या बापाचं नाव टाकून दिलंस, आता मला कशाला विचारतोस?” एवढंच ते म्हणाले आणि गप्प झाले. पत्नी दोन्ही नावं टाळून ‘अहो’वर भागवते. एका गुरुबंधूनं सांगितलं आहे की जुनं नाव म्हणजे जुने संस्कार, कागदोपत्री ते बदलल्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही. मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाआधी राजपत्रात नाव आणि आडनाव दोन्ही बदलून घ्यावं का, आणि वडिलांचा हट्ट हा गुरूंचा अपमान समजावा का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर

नमस्कार.

सोळा माळा म्हणजे दिवसाला १,७२८ वेळा मंत्र. नोकरी, हिंजवडीची ये-जा आणि लहान मूल सांभाळून हे करणारा माणूस हौसेखातर नाव बदलत नसतो. म्हणून तुमचा प्रश्न मी चार दिवसांचं खूळ समजून बाजूला सारणार नाही. मात्र तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. नवं नाव मिळालं की जुनं संपतं. इतरांनी नवं नाव उच्चारलं नाही, तर ते देणाऱ्याचा अवमान होतो. आणि कागदावर चढेपर्यंत ते नाव अर्धवट असतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत का, ते आधी पाहू.

तुमचं बारसं झालं तेव्हा तुम्हाला बहुधा एकच नाव मिळालेलं नाही. नामकरणाच्या विधीत चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेवरून देवतानाम, महिन्यावरून मासनाम, नक्षत्राच्या चरणावरून नाक्षत्रनाम आणि चौथं व्यवहारातलं. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण, म्हणून १०८ अक्षरं, आणि तुमच्या चरणाच्या अक्षरावरून तुमचं रासनाव. ते पत्रिकेत आहे, गुरुजींना ठाऊक आहे, आईला आठवत असेल. आत्यानं कानात सांगितलेलं व्यवहारनाव शाळेत गेलं, रासनाव गेलं नाही. म्हणून रासनाव खोटं ठरलं नाही आणि व्यवहारनाव अपवित्र ठरलं नाही. एका माणसाला एकापेक्षा जास्त नावं असणं आणि प्रत्येक नावाला आपापली जागा असणं, हे आपल्याकडे इतकं जुनं आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. दीक्षेचं नाव मिळाल्यावर मात्र आपण एकदम ‘हे किंवा ते’ असा हिशेब मांडायला लागतो.

जुनं नाव खरोखर संपतं ते संन्यासात. संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो, होम करून गोत्र आणि कुळ मागे टाकतो. मग त्याला गिरी, पुरी, भारती, सरस्वती, तीर्थ, आश्रम असं दशनामी परंपरेतलं नाव मिळतं. त्या क्षणापासून कुटुंबाच्या हिशेबी तो उरत नाही. कायद्यानंही ही गोष्ट गंभीर मानली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार जोडीदारानं संसाराचा त्याग करून संन्यास घेणं हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. जैन साधू-साध्वींच्या दीक्षेतही नाव बदलतं, कारण घर, पैसा, नाती सगळंच मागे राहतं. तुम्ही यातलं काहीही केलेलं नाही. तुम्ही गृहस्थ आहात. उद्या तुमच्या वडिलांच्या मागे पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावं घेऊन तर्पण करण्याची वेळ आली, तर त्यात आजोबांचं नाव येणारच. वडिलांना टोचतंय ते बहुधा हेच. मुलानं नाव बदललं याहून, मुलानं आपल्याला वंशातून वजा केलं असं त्यांना वाटतंय.

आळंदी तुमच्यापासून लांब नाही आणि विठ्ठलपंतांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. परंपरा सांगते की ते काशीला जाऊन संन्यासी झाले, चैतन्याश्रम झाले. पुढे गुरूंना कळलं की याची बायको आळंदीत आहे आणि तिची खरी संमती नव्हती, तेव्हा त्यांनी शिष्याला परत पाठवलं. चैतन्याश्रम पुन्हा विठ्ठलपंत झाले. त्यांच्या वाट्याला नंतर जे आलं ते भयंकर होतं, पण गुरूंनी काय पाहिलं ते महत्त्वाचं. शिष्याला नाव दिल्यावरही त्याच्या घरी कोण आहे, याची विचारपूस त्यांना करावीशी वाटली.

आता खुद्द तुमच्या परंपरेकडे या. महाप्रभूंचं जन्मनाव विश्वंभर, घरचं नाव निमाई. १५१० मध्ये काटव्याला केशव भारतींकडून त्यांनी संन्यास घेतला आणि ते श्रीकृष्ण चैतन्य झाले. हा पुरा संन्यास होता, तुमच्या-माझ्यासारखी गृहस्थाची दीक्षा नव्हे. त्यानंतर थोड्याच दिवसांत शांतिपुरात अद्वैताचार्यांच्या घरी शचीमाता त्यांना भेटायला आल्या. मुंडन केलेला मुलगा पाहून त्या रडल्या आणि म्हणाल्या ते “निमाई, बाळा” असंच. थोरला विश्वरूप संन्यास घेऊन गेला तो परत आला नाही, तू तसा कठोर होऊ नकोस, असं त्यांनी विनवलं. महाप्रभूंनी आईला नवं नाव शिकवलं नाही. उलट कुठे राहू ते तूच सांग म्हणाले, आणि तिच्या इच्छेप्रमाणे पुरीला राहिले. तुमच्या गुरुबंधूंना हा प्रसंग नक्की माहीत असणार. तो त्यांच्याबरोबर बसून पुन्हा वाचा.

रूप आणि सनातन गोस्वामी या शिष्यांची नावंही महाप्रभूंनीच दिलेली, हे खरं. पण त्याआधी त्यांना लोक ज्या नावांनी ओळखत, ती दबीर खास आणि साकर मल्लिक ही बंगालचा सुलतान हुसेनशहा याच्या दरबारातली पदनामं होती. दरबार सुटला तशी तीही सुटली. आजोबांचं नाव म्हणजे कुणाची चाकरी नव्हे, तेव्हा हे उदाहरण तुम्हाला लागू पडत नाही.

दुसऱ्या धर्मांत काय दिसतं, तेही थोडं पाहण्यासारखं आहे. नाव बदललं म्हणजे श्रद्धा पक्की झाली हा समज सगळीकडे आहे, आणि बहुतेक ठिकाणी मूळ ग्रंथ त्याला पाठिंबा देत नाहीत. बायबलमध्ये अब्राम नव्व्याण्णव वर्षांचा असताना देव त्याला अब्राहाम हे नाव देतो आणि त्यानंतर जुनं नाव हाकेत परत येत नाही. पण त्याच ग्रंथात याकोबाला इस्राएल हे नाव मिळाल्यावरही, म्हातारपणी मिसर देशाला निघताना देव त्याला “याकोबा, याकोबा” अशीच हाक मारतो. शिमोनाला पेत्र हे नाव येशूनं स्वतः दिलं. तरी गेथशेमानेच्या बागेत तो झोपलेला दिसला तेव्हा येशू म्हणतो “शिमोना”, आणि पुनरुत्थानानंतर तीनदा विचारतो तेही शिमोनालाच. ज्यानं नवं नाव दिलं तोच जुन्या नावानं हाक मारतो आहे. शौलाचा पौल झाला तो धर्मांतरामुळे, असं सर्रास सांगितलं जातं, पण प्रेषितांच्या कृत्यांत ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ एवढंच आहे. ती दोन्ही नावं त्याची होती. फिबी, अपुल्लोस ही ग्रीक देवतांवरून आलेली नावं पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी तशीच ठेवली. आजचा कॅथलिक चर्चचा नियमही एवढंच म्हणतो की बाप्तिस्म्यात ख्रिस्ती भावनेला परकं वाटेल असं नाव देऊ नये. संताचंच नाव हवं, अशी सक्ती तो करत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर दोन्ही वाटा दिसतात. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले गेले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायण वामन टिळकच राहिले. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी हे नाव मिळालं. पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या बाईंना जग मात्र रमाबाई म्हणूनच ओळखतं. या तिघांपैकी कुणाची श्रद्धा कमी होती, असं कोण म्हणेल? १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. कसं जगायचं आणि काय सोडायचं हे त्यांत आहे, नाव बदलण्याची प्रतिज्ञा त्यांत नाही. शिखांमध्ये १६९९ च्या वैशाखीला दया राम यांचे दया सिंग झाले, म्हणजे आईबापांनी दिलेलं दया राहिलं आणि खालसाची ओळख त्याला जोडली गेली.

इस्लाममध्ये कलमा पढणं पुरेसं आहे, नाव बदलणं ही अट नाही. अर्थ वाईट असेल किंवा एखाद्या मूर्तीचा दास असा असेल, तर बदलावं, असा प्रघात आहे. वडिलांच्या नावानं ओळख मात्र कायम ठेवावी, हे कुराणातच आलं आहे. हझ्न नावाच्या एका माणसाची हदीस इथे आठवते. पैगंबरांनी त्याला सहल हे सौम्य नाव सुचवलं, तर तो म्हणाला, “बापानं ठेवलेलं नाव मी बदलणार नाही.” त्याच्यावर जबरदस्ती झाली नाही. त्याच्या नातवानं पुढे म्हटलं की तेव्हापासून आमच्या घराण्यात एक कडवटपणा राहिला तो राहिलाच. ही हकिकत दोन्ही बाजूंनी वाचता येते, म्हणून ती तुम्हीही वाचावी आणि तुमच्या वडिलांनीही.

तेव्हा तुमचा दुसरा प्रश्न, वडिलांचा हट्ट हा गुरूंचा अपमान समजावा का. नाही, समजू नये. गुरूंनी नाव तुम्हाला दिलं. संकल्प तुम्ही केला, वडिलांनी नाही. श्रीवैष्णवांच्या, म्हणजे रामानुजाचार्यांना मानणाऱ्यांच्या, दीक्षेतल्या पंचसंस्कारांत ताप, पुंड्र, नाम, मंत्र आणि याग असे पाच विधी आहेत. त्यातला तिसरा नामसंस्कार. तिथे शिष्य वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचा उल्लेख ‘रामानुजदास’ असा करतो. मी कोण आहे हे त्यानं स्वतःला आठवायचं, समोरच्यानं काय म्हणावं हे ठरवण्यासाठी ते नाव नसतं. हाकेला ओ न देणं ही या नावाला साजेशी कृती नाही. सत्तरीतल्या माणसानं दुसऱ्या खोलीतून हाक मारायची आणि मुलानं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, हे तुमच्या संकल्पातल्या कुठल्या नियमात बसतं? आजपासून ओ द्या. याला माघार समजू नका.

वडिलांशी बोलायची वेळ नीट निवडा. चहा सुटला तेव्हा सकाळची त्यांच्याबरोबरची बैठकही सुटली असणार. तुम्ही गरम पाणी किंवा दूध घ्या, पण बसा. बोलताना तत्त्वज्ञान नको. “बाबा, आजोबांचं नाव मी टाकलेलं नाही. तुम्ही मला त्याच नावानं हाक मारा. सत्संगातली मंडळी घरी आली आणि त्यांनी दुसऱ्या नावानं बोलावलं, तर तेवढं चालवून घ्या, त्यांच्यासमोर थट्टा करू नका.” एवढंच मागा. तुमच्याकडूनही एक गोष्ट द्या. आजोबांबद्दल त्यांना विचारा आणि मुलीला शेजारी बसवून ऐका. ते लगेच विरघळतील असं नाही. पहिल्यांदा “बघू” म्हणतील किंवा उठून जातील. महिनाभर रोज बसत राहा, मधेच विषय काढू नका. आईला मध्यस्थ करायची चूक तर अजिबात करू नका. अशा भांडणात निरोप्याचे हाल सगळ्यात जास्त होतात.

पत्नीच्या ‘अहो’बद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, आणि मला ती सगळ्यात जड वाटली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून तिचं नाव बदललं, असं तुम्हीच कळवलं आहे. म्हणजे तुमच्या घरात आधी एक नाव बदललेलं आहे आणि तेव्हा कुणाच्या तोंडचं पाणी पळालं नव्हतं. तिला विचारा, तेव्हा तिला काय वाटलं होतं. आता तुम्ही नाव आणि आडनाव बदललंत, तर आपल्या मराठी पद्धतीप्रमाणे तिचं मधलं नावही बदलतं, आडनावही बदलतं, आणि मुलीचंही. तिनं दीक्षा घेतलेली नाही. तिला मान्य नसेल, तर आडनावाचा विषय तिथेच संपायला हवा.

गुरूंकडे जाऊन तीन सरळ प्रश्न विचारा, शक्यतो समक्ष. हे नाव सत्संगापुरतं आहे की सगळीकडे? सरकारी कागद बदलावेत अशी तुमची अपेक्षा आहे का? आईवडील जुन्या नावानं हाक मारतात, मी काय करावं? गुरुबंधूंचं म्हणणं गुरूंचं म्हणणं म्हणून धरू नका. परंपरेत नवा आलेला उत्साही माणूस नियम नेहमी एक पायरी वर चढवून सांगतो. शिष्यानं घराशी बोलणं तोडावं, मालमत्ता लिहून द्यावी किंवा नावाची कागदपत्रं संस्थेकडे जमा करावीत, असा आग्रह कुणी धरला, तर मात्र तिथे थांबा आणि घरच्यांना सांगा. हे मी तुमच्यापुरतं म्हणत नाही. असा आग्रह ज्या कुठल्या वाचकावर होत असेल, त्यानं तो धोक्याचा इशारा मानावा.

आता कागदांचं. तुमच्यासमोर तीन मार्ग आहेत. सगळं बदलणं, काहीच न बदलणं, किंवा जुन्या नावापुढे ‘उर्फ’ म्हणून दीक्षानाम जोडणं. माझं मत स्पष्ट आहे: दीक्षेला एक वर्ष होईपर्यंत कागदाला हात लावू नका. तेवढ्या काळात नाव जपात, सत्संगात आणि गुरुबंधूंमध्ये वापरा. ऑफिसात हवं असेल तर ईमेलवर दिसणारं नाव बदलून मिळतं का, ते मनुष्यबळ विभागाला विचारा. पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधी यांत मात्र आधार-पॅनवरचंच नाव राहू द्या. वर्षानंतरही ओढ तेवढीच असेल आणि घर शांत असेल, तर ‘उर्फ’चा विचार करा. आडनाव बदलण्याचा सल्ला मी देणार नाही.

हे सांगण्यामागची कारणं व्यवहारातली आहेत. ज्यांना खरंच नाव बदलायचं आहे, त्यांनाही ती उपयोगी पडतील. सुरुवात प्रतिज्ञापत्रापासून होते. जुनं नाव, नवं नाव आणि कारण त्यात लिहायचं. मग महाराष्ट्र शासन राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज. राजपत्रात नावबदल, धर्मबदल आणि जन्मतारखेतला बदल यांच्या जाहिराती वेगवेगळ्या असतात. तुमचा धर्म बदललेला नाही, तेव्हा अर्जात फक्त नावबदलच निवडायचा. घोटाळे होतात ते स्पेलिंगमध्ये. ‘दास’ नावाला जोडून की सुटं? सुटं लिहिलंत, तर अनेक संगणकांत तेच आडनाव म्हणून जातं आणि खरं आडनाव मधल्या रकान्यात ढकललं जातं. आडनाव गाळून एकच नाव ठेवलंत, तर परदेशी व्हिसाच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा राहतो आणि तिथून अडचणी सुरू होतात. म्हणून अर्ज करण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगं कागदावर लिहून, दोन माणसांकडून तपासून घ्या. एक अक्षर चुकलं, तर पुन्हा जाहिरात द्यावी लागते.

राजपत्र हाती आलं की त्याचा अंक, तारीख आणि पान नोंदवून ठेवा. पीडीएफ दोन ठिकाणी जपा. मग आधार, त्यानंतर पॅन, आणि ही दोन जुळल्यावरच बँक, निर्वाह निधी, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी. क्रम उलटा केलात, तर आधार-पॅनची नावं जुळत नाहीत आणि सगळंच अडतं. आधारवर नाव आयुष्यात सहसा दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाईघाईत एक संधी वाया घालवू नका. पासपोर्टच्या अर्जात ‘तुम्ही कधी नाव बदललं आहे का’ आणि ‘तुम्हाला दुसऱ्या नावानं ओळखतात का’ हे दोन निराळे प्रश्न असतात. दोन्हींची उत्तरं खरी द्या. गृहकर्ज मंजूर होत असताना, व्हिसाची प्रक्रिया चालू असताना किंवा नोकरी बदलताना हे काम काढूच नका. सोसायटीचं भागपत्र, विमा, वारसनोंद आणि मृत्युपत्र यांत दोन्ही नावं ‘उर्फ’सह लिहिलेली असावीत. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर शाळा सोडल्यानंतर नाव सहसा बदलून मिळत नाही. तिथे जुनं नाव तसंच राहतं आणि दुवा म्हणून राजपत्र जोडावं लागतं, जन्मभर.

जात ओळखू येऊ नये म्हणून किंवा धम्म स्वीकारल्यावर आडनाव सोडू पाहणाऱ्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्या मुलांना पुढे जात पडताळणी लागणार असेल, तर जुन्या आडनावाचे पुरावे फेकू नका. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे कागद तिथे बघतात. पणजोबांचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरं असेल, तर वंशावळीत हा बदल कुठल्या पिढीत झाला, ते राजपत्रानं दाखवावं लागतं. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांची सवलत १९९० च्या दुरुस्तीनं कायम आहे. ती नावावर अवलंबून नाही.

तुमच्यासारख्या मुलांच्या आईवडिलांनाही थोडं सांगायला हवं, कारण अशी पत्रं त्यांच्याकडूनही येतात. मुलाला दीक्षेच्या नावानं हाक मारायची सक्ती तुमच्यावर नाही. पण “काय ते दास की फास” असं चारचौघांत म्हणू नका. त्याच्या सहा वर्षांच्या पहाटा त्या नावामागे आहेत. त्याच्या गुरूंना एकदा भेटा, प्रवचनाला नाही, नुसतं भेटायला. बहुतेकदा भीती निम्मी तिथेच उतरते. आणि उतरली नाही, तर निदान ती कशाची आहे हे तुम्हाला नेमकं सांगता येतं.

राहिला मुलीचा प्रवेश. तिचा अर्ज आता थांबवू नका. तिच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं जे नाव आहे तेच अक्षरशः अर्जात भरा. तिच्या जन्माच्या दिवशी तुमचं नाव तेच होतं, त्यामुळे ती नोंद चुकीची नाही आणि तुमचं नाव नंतर बदललं म्हणून महापालिका ती दुरुस्त करून देईल, असं धरून चालू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी आणि वडिलांचं नंतर लिहितात. तुमची मुलगी त्याआधीची आहे, म्हणून जुनाच क्रम ठेवा. दाखला, आधार आणि अर्ज या तिन्हींवरची नावं शेजारी ठेवून एकदा जुळवा, आणि पत्नीच्या नावाचं स्पेलिंग तिन्हींकडे सारखं आहे ना, तेही बघा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव मिसळल्यानं प्रवेशाच्या खिडकीवर अडकणारे अर्ज काही कमी नसतात.